जमिनीचा व्यवसाय आणि माणसाचा व्यवसाय : ठाणे जिल्ह्यातील रोजगाराच्या स्थित्यंतराचा विचार

१

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाच्या दोन वस्त्या सर्वपरिचित आहेत. एक ठाणे शहराच्या उत्तर भागात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, घोडबंदर मार्गावर आहे. दुसरी पारसिकच्या रांगेपलीकडे, डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण–शीळ मार्गालगत आहे. 'पाडा' या शब्दावरूनच या वस्त्यांचे मूळ रूप ध्यानात येते : मुख्य गावठाणापासून अलग पडलेली, शेताच्या किंवा रानाच्या कडेची चार-दोन घरे. आज दोन्ही ठिकाणी उंच इमारतींच्या वसाहती आहेत. या दोन अवस्थांच्या दरम्यान, उभयतांच्या परिसरात, कारखान्यांचा एक कालखंड येऊन गेला. तो एका माणसाच्या नोकरीच्या काळाहून फारसा मोठा नव्हता.

अशा प्रदेशाचा आर्थिक इतिहास सांगताना शेती, मग कारखाने, मग व्यापार व सेवा असा एक क्रम सांगण्याची प्रथा आहे. जमिनीपुरता हा क्रम यथार्थ आहे. परंतु जमिनीने व्यवसाय बदलला म्हणजे तीवर राबणाऱ्या माणसानेही तोच व्यवसाय स्वीकारला, असे गृहीत धरता येत नाही. ठाणे जिल्ह्यापुरते तरी या दोन इतिहासांची गल्लत झाल्याने रोजगाराचे चित्र आहे त्याहून सुबक दिसते, हे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे.

२

१८८२ साली प्रसिद्ध झालेले मुंबई गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्यासंबंधीचे खंड पाहिले असता पूर्वीच्या व्यवसायांची कल्पना येते. भात हे मुख्य पीक. त्यासाठी राब भाजून रोपे तयार करावयाची, आणि राबासाठी लागणारा पालापाचोळा वरकस जमिनीतून आणावयाचा. खाडीकाठी खार जमिनी बांध घालून लागवडीस आणलेल्या, आणि त्यांच्या कडेने मिठागरे. आगरी या समाजनामाचा संबंध मिठाच्या आगराशी जोडला जातो, तो याच कारणाने. कोळ्यांची मासेमारी, डोंगरातील वारली, ठाकूर व कातकरी यांची लाकूडतोड, मुंबईच्या जनावरांसाठी गवताची कापणी, दगडखाणी, विटा आणि कल्याण व भिवंडी या बाजारपेठांचा व्यापार असा हा संसार होता.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. ही कामे ऋतूंप्रमाणे एकाच कुटुंबात वाटली जात. पावसाळ्यात भात लावणारा मनुष्य हिवाळ्यात गवत कापी आणि उन्हाळ्यात मिठागरावर जाई. म्हणून त्याचा 'व्यवसाय' कोणता, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नव्हते. यांपैकी गवतकापणीचे महत्त्व १९४५ च्या वारल्यांच्या उठावावरून दिसून येते. जिल्ह्याच्या उत्तर भागातील त्या लढ्यात वेठबिगारीच्या निर्मूलनाइतकीच गवत कापण्याच्या मजुरीची मागणी प्रमुख होती.

३

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि पुढील वर्षी ती कल्याणला पोहोचली. कसारा आणि बोर या दोन्ही घाटांकडे जाणारे मार्ग कल्याणला फुटत असल्याने ते रेल्वेचे मोठे ठाणे बनले आणि नियमित पगाराची कामे या भागात प्रथम रेल्वेने आणली. त्यामागून मोठे कारखाने आले. १९२५ साली ठाण्यात लोकरीची गिरणी निघाली. ती पुढे रेमंड या नावाने विख्यात झाली. त्याच दशकात अंबरनाथला काड्यापेट्यांचा कारखाना उभा राहिला. भिवंडीत हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी १९४९ पासून उल्हासनगर या नावाने वाढलेल्या वस्तीत लहान उद्योगांचे जाळे विणले. मोहने आणि शहाड येथे उल्हास नदीच्या पाण्यावर रेयॉनचे कारखाने चालू झाले.

या कारखान्यांत कामगार कोठून आले? स्थानिक लोक तेथे होतेच. परंतु घाटावरून, कोकणातून, तसेच उत्तर व दक्षिण हिंदुस्थानातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. कारखान्याला वर्षभर हजेरी देणारा मनुष्य हवा असतो. ऋतुमानाप्रमाणे चार कामे करणाऱ्या कुटुंबाला ही अट स्वीकारणे सोपे नव्हते. शेत टाकल्याखेरीज ती पाळता येत नसे, आणि शेत टाकण्याचे कारण अद्याप निर्माण झालेले नव्हते.

४

ते कारण पुढे निर्माण झाले, आणि त्याची कालगणना विचार करण्यासारखी आहे. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १९६२ रोजी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. ठाण्यातील वागळे वसाहत ही महामंडळाची आरंभीची औद्योगिक वसाहत होय. त्यापाठोपाठ ठाणे–बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ येथील वसाहती आल्या. पिढ्यान्‌पिढ्या कूळ म्हणून कसलेली जमीन स्वतःच्या नावावर होते न होते तोच ती संपादनाखाली जावी, असा अनुभव या पट्ट्यातील अनेक कुटुंबांच्या वाट्याला आला. ज्यांच्या नावावर जमीन नव्हतीच, त्या शेतमजुरांना व आदिवासींना मोबदल्याचा प्रश्नच उद्भवला नाही. त्यांचे काम गेले, आणि त्याची नोंद कोठेही झाली नाही.

कारखाने येथे येण्याची कारणे उघड होती. बृहन्मुंबईची हद्द १९५७ साली मुलुंड व दहिसरपर्यंत वाढली. तिच्या लगत बाहेर जमीन स्वस्त होती, रेल्वे होती, पाणी होते, आणि मुंबईतील गर्दी कमी करावी असे शासकीय धोरण होते. ठाण्याच्या मानपाड्याजवळ कोलशेत येथे सँडोझचा रसायनांचा व रंगद्रव्यांचा कारखाना होता. डोंबिवलीच्या बाजूस रासायनिक व अभियांत्रिकी कारखाने, आणि कल्याण–शीळ मार्गावर प्रीमियरचा मोटारींचा कारखाना होता.

या काळाचे मोल कमी लेखू नये. १९४८ चा कारखाना अधिनियम, त्याच वर्षीचा कामगार राज्य विमा आणि १९५२ ची भविष्यनिर्वाह निधीची तरतूद यांमुळे कायम कामगाराच्या जीवनाला एक निश्चिती आली. डोंबिवली व ठाणे येथील मध्यमवर्गीय वस्ती, तेथील शाळा, ग्रंथालये व पतपेढ्या यांचा पाया त्या निश्चितीवर उभा आहे. आपल्या गावातल्या कारखान्यात नोकरी मिळावी, ही भूमिपुत्रांची मागणीही याच जाणिवेतून निघाली होती.

परंतु ती मागणी हळूहळू बदलली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन घेण्यात आली. त्याविरुद्धच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या संघर्षाची परिणती संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याच्या योजनेत झाली. मोबदल्याचे हे स्वरूप सूचक आहे. जमीन देणाऱ्याला काम देण्याऐवजी जमिनीचाच एक तुकडा देण्यात आला; अर्थात त्याला कामगार न करता लहानसा जमीनधारक म्हणून बाजारात उभे केले गेले. चाळी बांधणे, खोल्या भाड्याने देणे, रेती-विटांचा पुरवठा करणे हे या पट्ट्यातील अनेक कुटुंबांचे व्यवसाय झाले. शेतीतून कारखान्यात आणि कारखान्यातून सेवेत असा त्यांचा प्रवास झालाच नाही; मधली पायरी त्यांच्या वाट्याला आली नाही.

५

दुसरे स्थित्यंतर कारखान्यांच्या अस्ताचे. प्रीमियरने १९९० नंतरच्या दशकात फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने आरंभिलेला मोटारींचा उपक्रम ते दशक संपण्यापूर्वीच थांबला. मोहन्याचा रेयॉन कारखाना आणि ठाण्यातील रेमंडची गिरणी २००९ च्या सुमारास बंद पडली. कोलशेतच्या कारखान्याची जागा, जो १९९५ नंतर क्लॅरियंट या नावाने चालत होता, गृहबांधणीसाठी विकली गेली. रेमंडच्या जागेवरही २०१९ पासून निवासी इमारतींचे काम सुरू झाले. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा अधिनियम महाराष्ट्रात नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाला. कारखान्यासाठी म्हणून सवलतीने राखू दिलेल्या मोकळ्या जमिनीवरील एक बंधन त्यामुळे दूर झाले. कारखाना तोट्यात गेला म्हणून जमीन विकली, की जमिनीचे मोल वाढले म्हणून कारखाना चालविणे नकोसे झाले, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी निराळे असेल. परंतु दोन्ही प्रवाह एकाच दिशेने वाहत होते, यात शंका नाही.

डोंबिवलीत आणखी एक कारण घडले. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी तेथील औद्योगिक वसाहतीत भीषण स्फोट होऊन प्राणहानी झाली. कारखान्याशेजारी वस्ती वाढल्यावर धोकादायक उद्योग हलवावेत ही मागणी न्याय्यच म्हटली पाहिजे. मात्र त्या मागणीत कारखान्याच्या शेजाऱ्याचा विचार जितका आहे, तितका कामगाराच्या पुढील उदरनिर्वाहाचा नाही.

नव्या वसाहतींत काम नाही असे नव्हे. बांधकाम, पहारा, साफसफाई, घरकाम, वाहन चालविणे, घरपोच माल पोहोचविणे, भिवंडीच्या गोदामांतील हमाली हे सारे रोजगारच आहेत. फरक आहे तो स्वरूपाचा. कंत्राटदाराकडील पहारेकरी आणि गिरणीचा कायम कामगार या दोघांचा पगार कदाचित तुलता येईल. त्यांची निश्चिती तुलता येणार नाही.

६

आता आकड्यांविषयी. १९६१ साली ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती. २०११ मध्ये ती १ कोटी १० लाखांवर गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्याने आज 'ठाणे जिल्हा' म्हणून जो प्रदेश उरतो, त्याच्याशी जुन्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. व्याख्यांचेही तसेच आहे. १९५१ च्या जनगणनेने अवलंबितांसह सर्व लोकसंख्या उपजीविकेच्या वर्गांत विभागली; १९६१ मध्ये केवळ काम करणाऱ्यांचे नऊ वर्ग केले; १९७१ मध्ये मुख्य व्यवसायाची कसोटी लावली; १९८१ पासून मुख्य व सीमांतिक असा भेद आला. गवत, भात व मीठ या तीनही कामांत राबणाऱ्या कुटुंबाचे चित्र या कसोट्यांनुसार पालटत गेले.

सर्वांत मोठी अडचण २००१ पासूनची. गावनिहाय प्राथमिक गोषवाऱ्यात शेतकरी, शेतमजूर, गृहोद्योग आणि 'इतर' असे चारच वर्ग उरले. ज्या काळात कारखान्याचा कामगार जाऊन पहारेकरी आला, नेमक्या त्याच काळात गावपातळीवरील तक्त्यात हे दोघेही 'इतर' झाले. शिवाय जनगणना मनुष्य राहतो तेथे त्याला मोजते, काम करतो तेथे नव्हे. मानपाड्यात राहून मुंबईच्या कचेरीत जाणारा मानपाड्याच्या खात्यावर पडतो. कामाच्या ठिकाणी मोजणी करावयाची तर १९७७ पासून वेळोवेळी झालेल्या आर्थिक गणनेकडे वळावे लागते. या दोन्ही साधनांची सांगड घातल्याखेरीज 'स्थानिक रोजगार' या शब्दप्रयोगाला अर्थ येत नाही.

७

सारांश, ठाणे जिल्ह्यात एकच स्थित्यंतर झाले नसून निदान दोन झाली. जमीन भातातून यंत्राकडे आणि यंत्रातून घरांकडे गेली. माणसे मात्र प्रत्येक टप्प्यावर बदलली : भात लावणारा यंत्रावर फारसा आला नाही, आणि यंत्रावरचा मनुष्य त्या जागी उभ्या राहिलेल्या घरात बहुधा राहावयास आला नाही. जिल्ह्याचे आकडे या दोन रेषा एकत्र करून एकच चढती रेषा काढतात, आणि म्हणूनच त्या रेषेवर केवळ विसंबून चालणार नाही.

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी संपूर्ण जिल्हा न घेता एक गाव घ्यावे, हे श्रेयस्कर. त्या गावचे जुने सातबारा उतारे व फेरफार, बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगार-संघटनेची दप्तरे, आणि आज तेथे राहणाऱ्या कुटुंबांची तीन पिढ्यांची कामे, ही तीन साधने शेजारी ठेवावीत. मिठागरावर काम केलेली आणि गिरणीच्या भोंग्याबरोबर घराबाहेर पडलेली माणसे अद्याप हयात आहेत, परंतु ती वृद्ध आहेत. उतारे पुढेही मिळतील. त्यांच्या साक्षीला मात्र मुदत आहे.