एका धांवणाऱ्याचा ताळेबंद



डिसेंबर महिना उजाडला कीं माझा एक जुना विद्यार्थी न चुकतां माझ्या घरीं येतो. शाळेंत असतांना धांवण्यांत तो कधींच पुढें नव्हता. आतां पन्नाशी ओलांडल्यावर मात्र पहाटे चार वाजतां उठून रस्त्यावर उतरतो, आणि वर्ष सरत आलें म्हणजे आपला वर्षाचा हिशेब मला वाचून दाखवितो. सरावांत इतके किलोमीटर झाले, शर्यती इतक्या केल्या, इतके दिवस गुडघा धरून घरीं बसलों, अमुक शर्यतींत बेत फसला तो कां फसला, असा सारा जमाखर्च त्यांत असतो. यांत प्राप्ति एका पैचीही नाहीं. उलट बूट, प्रवास आणि प्रवेशशुल्क यांपायीं खिशाला चाटच बसते. "सर, इतक्या वह्या तपासल्यात, ही एक माझी तपासा," असें तो हंसत म्हणतो. आणि ज्याचा जन्म वह्या तपासण्यांत गेला त्याला ही विनंति मोडवत नाहीं.

त्याची वही वाचतांना मला दर वेळीं एका माणसाची आठवण होते. आर्थर न्यूटन हें त्याचें नांव. तो जन्मानें इंग्रज, धंद्यानें शेतकरी, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत धांवण्याशीं त्याचा म्हणण्यासारखा संबंध नव्हता. पुढील चौदा वर्षांत तो एक लक्ष दोन हजारांहून अधिक मैल धांवला. भागाकार करून पाहा: रोज सरासरी वीस मैल पडतात. हा आंकडा आज आपणांस सांगतां येतो याचें कारण इतकेंच कीं, या गृहस्थानें आपल्या पायांचा हिशेब एखाद्या सचोटीच्या कारकुनाप्रमाणें लिहून ठेवला.

न्यूटनचा जन्म १८८३ चा. तरुणपणींच तो दक्षिण आफ्रिकेंत गेला व नाताळ प्रांतांत हार्डिंग गांवानजीक जमीन घेऊन तंबाखू व कापूस पिकवूं लागला. १९२० च्या सुमारास सरकारनें त्या भागांतील जमीन काळ्या लोकांच्या वस्तीसाठीं नेमण्याचें धोरण आंखलें. आपल्या शेताची किंमत गेली, तेव्हां भरपाई द्या, असा न्यूटनचा दावा होता. अर्ज झाले, भेटी झाल्या. सरकारनें कांहींएक दिलें नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर हें चरित्र अर्धवट होईल. ज्या देशांत हा दावा चालला होता, त्या देशांत १९१३ च्या कायद्यानें बहुसंख्य काळ्या प्रजेसाठीं अवघी सात टक्क्यांच्या आसपास जमीन ठेवली होती. त्या अफाट अन्यायाच्या शेजारीं एका गोऱ्या शेतकऱ्याची तक्रार फार लहान दिसते, आणि तशी ती आहेच. न्यूटनला स्वतःला ती लहान वाटत नव्हती. आपलें गेलेलें मनुष्याला नेहमींच मोठें दिसतें.

मग त्यानें एक विलक्षण युक्ति काढली. सामान्य शेतकऱ्याचें सरकार ऐकत नाहीं, प्रसिद्ध माणसाचें ऐकावें लागतें. म्हणून आपण प्रसिद्ध व्हावयाचें. पण कशांत? पैसा नाहीं, पदवी नाहीं, वय चाळिशीकडे झुकलेलें. परंतु खऱ्या हौशी खेळाडूविषयीं लोकांच्या मनांत आदर असतो, हें त्यानें हेरलें होतें. आणि नुकतीच त्याच प्रांतांत एक अचाट शर्यत सुरू झाली होती.

ती शर्यत म्हणजे 'कॉम्रेड्स मॅरेथॉन'. व्हिक क्लॅपहॅम नांवाचा एक एंजिन चालविणारा गृहस्थ पहिल्या महायुद्धांत पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला होता. शेंकडों कोस पायपीट करून तो परत आला. पुष्कळ सोबती परतले नाहींत. त्यांचें स्मारक दगडाचें नको, श्रमांचें असावें, असें त्याच्या मनानें घेतलें. पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन हें सुमारें ५४ मैलांचें डोंगराळ अंतर एका दिवसांत पायीं तोडावयाचें, अशी ती कल्पना. माजी सैनिकांच्या संघटनेनें त्याला अनेकदां नकार दिला. अखेर १९२१ मध्यें परवानगी मिळाली व खर्चाला एक पौंड उसना मिळाला. त्या वर्षीं २४ मे रोजीं ३४ जण निघाले आणि १६ जण पोंचले. पहिला आलेल्या बिल रोवनला ८ तास ५९ मिनिटें लागलीं. पीटरमॅरिट्झबर्ग हें नांव आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. १८९३ मध्यें याच शहराच्या स्थानकावर तरुण गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यांतून खालीं उतरविण्यांत आलें होतें.

१ जानेवारी १९२२ रोजीं न्यूटन प्रथम धांवावयास निघाला. किती धांवला? दोन मैल! आणि त्यानंतर त्याचे पाय असे कांहीं आंखडले कीं पुढील कित्येक दिवस त्याला पुनः धांवतां येईना. शर्यतीला उरले होते पांच महिनेही नाहींत. दुसरा कोणी असता तर त्यानें हंसून हा नाद सोडला असता. न्यूटननें वही उघडून चूक शोधली. त्या काळचीं पुस्तकें सांगत कीं थोडें धांवा पण जोरानें धांवा, अंगाला मालीश करा, सारा दम शेवटच्या टप्प्यासाठीं राखा. त्यानें हें सारें करून पाहिलें, आणि आपल्या शरीराचा अनुभव याच्याशीं जुळत नाहीं असें दिसतांच पुस्तक बाजूस ठेवलें. तो हळू धांवूं लागला. दम लागला कीं चालावें, दम आला कीं धांवावें, पण अंतर वाढवीत न्यावें आणि रोज न्यावें. सरावांत कधीं शर्यत करूं नये, हा त्याचा दंडक होता. पुष्कळ अंतर सावकाश कापणाऱ्याला वेग आपोआप येतो, असें त्याचें मत बनलें. आज लांब पल्ल्याचे बहुतेक शिक्षक हळू मैलांचें महत्त्व सांगतात; १९२२ सालीं तें वेडगळ वाटे.

मला याचा थोडा खेदही होतो. क्रीडादिनाच्या आधीं दोन आठवडे मीं मुलांना मैदानावर काढावें, शिट्टी वाजवावी आणि पहिल्याच दिवशीं "जोर लाव, जोर लाव!" म्हणून ओरडावें, असा माझा क्रम वर्षानुवर्षें चालला. एका मुलाला धांवतां धांवतां ओकारी झाली आणि त्यानें पुनः मैदानाचें तोंड पाहिलें नाहीं. न्यूटनचें चरित्र मीं तेव्हां वाचलें असतें तर तो मुलगा कदाचित् टिकला असता.

२४ मे १९२२ रोजीं शर्यत उलट दिशेनें, म्हणजे डर्बनहून चढावर निघाली. चार दिवसांपूर्वीं न्यूटनला एकोणचाळिसावें वर्ष पूर्ण झालें होतें. तो आरंभीं मागें राहिला, आपली ठरलेली चाल त्यानें सोडली नाहीं, आणि पुढचे एकेक थकत गेले तसा तो पुढें सरकत गेला. ८ तास ४० मिनिटांत तो पहिला आला. दोन मैलांत पाय आंखडून घेतलेल्या माणसानें वीस आठवड्यांनीं ५४ मैलांची शर्यत जिंकली!

त्याच शर्यतीची एक मौज सांगण्याचा मोह आवरत नाहीं. बिल पेन नांवाच्या एका धिप्पाड रग्बीपटूला न्यूटननें आदल्या रात्रीं गळ घातली, आणि हे गृहस्थ रग्बीचेच जाडजूड बूट घालून दुसऱ्या दिवशीं हजर झाले. वाटेंत थांबून त्यांनीं अंड्यांचा समाचार घेतला, ड्रमंडला बिअर घेतली, आणि तरीही आठवा क्रमांक पटकावला. दुसऱ्या दिवशीं पुनः रग्बीचा सामना खेळावयास उभे! असे लोक वही ठेवीत नाहींत आणि त्यांना ती शोभणारही नाहीं.

पुढल्या वर्षीं न्यूटनची वही खऱ्या अर्थानें फळली. १९२३ मध्यें शर्यत पुनः उताराच्या दिशेची होती आणि त्याला लागले ६ तास ५६ मिनिटें. दोन वर्षांपूर्वीं याच दिशेनें रोवनला किती लागले होते तें आठवा. दोन तासांहून अधिक फरक! १९२४ व १९२५ हीं वर्षेंही त्याचींच. १९२५ चा वेळ तर ६ तास २४ मिनिटें. मध्यंतरीं १९२४ मध्यें इंग्लंडला जाऊन त्यानें लंडन ते ब्रायटन हें सुमारें ५२ मैलांचें अंतर ५ तास ५३ मिनिटांत तोडलें. १९२६ मध्यें हॅरी फिलिप्सनें त्याला मागें टाकलें. १९२७ मध्यें चव्वेचाळिसाव्या वर्षीं त्यानें पांचव्यांदां शर्यत जिंकली. धांवतांना लिंबाच्या सरबतांत भरपूर साखर आणि थोडें मीठ घालून तो घेई. आपल्या घरच्या आजींना हें औषध शिकवावयास नको. आणि हा मनुष्य चिलीमही ओढी! डॉक्टर श्रोत्यांनीं क्षमा करावी, पण इतिहासांत आहे तें सांगितलें पाहिजे.

ही झाली जमेची बाजू. आतां ज्यासाठीं हा खटाटोप झाला त्या खात्यांत काय पडलें? कांहीं नाहीं. कीर्ति मिळाली, वर्तमानपत्रांत नांव झळकलें, लोकांनीं टाळ्या वाजविल्या. परंतु शेताची भरपाई मिळाली नाहीं. १९२५ मध्यें तो जमीन सोडून पायींच ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, वाटेला लागला आणि बुलावायोकडे राहिला. हौशी खेळाडूनें पारितोषिकादाखल पैसा घेतला कीं तो बाटला, असा त्या काळचा कडक नियम. तेव्हां जगांतला सर्वांत मोठा लांब पल्ल्याचा धांवपटु जवळजवळ निर्धन होता. हा नियम ज्यांनीं केला त्यांची बहुधा घरीं शेतीवाडी असावी. १९२८ च्या जानेवारींत खराब हवेंत बाथ रस्त्यावर शंभर मैल १४ तास २२ मिनिटांत धांवून त्यानें हौशी आयुष्याचा निरोप घेतला. त्याच वर्षीं अमेरिकेंत लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क अशी पैशाची शर्यत निघाली. १९९ जण निघाले, ५५ पोंचले. आरंभीं आघाडीवर असलेला न्यूटन मात्र पायाच्या दुखण्यानें वाटेंतच गळला. पुढल्या वर्षींही ती शर्यत त्याच्याकडून पुरी झाली नाहीं. तथापि १९३१ मध्यें कॅनडांत चोवीस तासांत तो १५२ मैल धांवला. त्या वेळीं त्याला अठ्ठेचाळिसावें वर्ष चालू होतें.

ज्या शर्यतीनें त्याला कीर्ति दिली तिचाही एक ताळेबंद आहे. १९२३ मध्यें फ्रान्सिस हेवर्ड या बाईंचा प्रवेश नाकारण्यांत आला. त्या तशाच धांवल्या आणि ११ तास ३५ मिनिटांत पोंचल्या. १९३५ मध्यें रॉबर्ट म्त्शाली हा काळा धांवपटु साडेनऊ तासांत पोंचला, पण अधिकृत नोंदींत त्याला जागा नव्हती. स्त्रियांना व काळ्या लोकांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७५ मध्यें. मधलीं चोपन्न वर्षें किती जणांच्या वह्या कोऱ्या राहिल्या असतील!

आपल्याकडेही त्याच सुमारास कांहीं घडत होतें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या खेळांवरून आणि दोराबजी टाटा यांच्या उत्साहानें १९२० मध्यें हिंदी खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे मॅरेथॉनमध्यें २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. न्यूटनचा मैलांचा हिशेब तोंवर सुरूही झाला नव्हता. चौगुल्यांचें नांव माझ्या सबंध नोकरींत शाळेच्या एकाही पुस्तकांत मला आढळलें नाहीं.

न्यूटन अखेरीस इंग्लंडांत रायस्लिप येथें स्थायिक झाला. त्यानें धांवण्यावर पुस्तकें लिहिलीं, आणि त्याच्या घराचा दरवाजा धांवणाऱ्या कोणालाही उघडा असे. नवशिका येई, आपले मैल सांगे, म्हातारा ऐकून घेई. १९५९ मध्यें शहात्तराव्या वर्षीं तो वारला.

कॉम्रेड्सच्या वाटेवर, ड्रमंडच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेच्या दरडींत एक कोनाडा आहे. न्यूटन सरावाच्या वेळीं तेथें बसून चिलीम ओढी असें सांगतात आणि त्याला 'आर्थरची बैठक' म्हणतात. तेथें फूल ठेवून "नमस्कार, आर्थर" म्हणावें, म्हणजे उरलेला अर्धा पल्ला सुखानें जातो, अशी धांवणाऱ्यांची समजूत आहे. अलीकडे आपल्याकडचे पुष्कळ लोक ही शर्यत धांवावयास जातात. माझा हा विद्यार्थीही एकदां जाऊन आला. त्याच्या त्या वर्षाच्या वहींत अंतर, वेळ, पायाला आलेले फोड, सारें कांहीं नोंदलेलें होतें. मीं विचारलें, "आणि फूल ठेवलेंस का?"

"ठेवलें, सर," तो म्हणाला. "पण तें कोणत्या सदरांत लिहावें हें कळेना."