आभासी यंत्रांचा कारभारी आणि त्याचं दार



आपल्यातले बरेच जण लिनक्सवर पोट भरतात. तेव्हा "फेल्ड टु कनेक्ट टु द हायपरवायझर" हे वाक्य तुम्ही कधी ना कधी पडद्यावर पाहिलं असेलच. मग आपण शोधाशोध करतो, कुणीतरी सांगतं की स्वतःला लिबव्हर्ट नावाच्या गटात घाल. आपण घालतो, लॉगआउट-लॉगिन करतो, जोडणी होते, विषय संपतो. त्या एका ओळीने आपल्या हातात काय आलं, हे सहसा कुणी विचारत नाही. उत्तर एका शब्दात देता येतं: रूट. त्या मशीनची पूर्ण मालकी, आणि तीही बहुधा पासवर्ड न विचारता. हे असं का झालं, ते समजायला जरा मागे जावं लागेल.

आभासी यंत्र, म्हणजे आपलं व्हर्चुअल मशीन, ही काही क्लाउडवाल्यांची कल्पना नव्हे. अमेरिकेतल्या केंब्रिज गावात आयबीएमचं एक सायंटिफिक सेंटर होतं. तिथे रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी 1964 च्या अखेरीस सीपी-40 चं काम हाती घेतलं आणि जानेवारी 1967 पर्यंत ते रोजच्या वापरात आलं. एका सिस्टिम/360 मॉडेल 40 वर चौदा जणांना प्रत्येकी 256 के मेमरीचं अख्खं यंत्र मिळाल्यासारखं वाटायचं. पुढे सीपी-67 आलं आणि ऑगस्ट 1972 मध्ये आयबीएमने व्हीएम/370 बाजारात जाहीर केलं.

माझ्या मते यात सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट होती जोडणीची पद्धत. टाइपरायटरसारख्या टर्मिनलवर लॉगिन केलं, की सीपी तुमच्यासाठी एक यंत्र उभं करायचं आणि ते टर्मिनल त्याच यंत्राचा कन्सोल व्हायचं. सीपीशी थेट बोलायचं असेल तर अटेन्शनचं बटण दाबायचं. तुम्ही काय बोलू शकता हे एका डिरेक्टरीत आधीच लिहिलेलं असायचं: तुमचा पासवर्ड, तुमची मेमरी, तुमच्या डिस्क, आणि तुमचा वर्ग. ए म्हणजे मुख्य ऑपरेटर, तिथून खाली येत येत जी म्हणजे सामान्य वापरकर्ता. जी वर्गातला माणूस स्वतःच्या यंत्राला हवं ते करू शके, शेजाऱ्याच्या यंत्राला हात लावू शकत नसे. थोडक्यात, जोडणी आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे 1972 सालच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

मग पीसीचा जमाना आला आणि हे शहाणपण अडगळीत गेलं. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवर आभासीकरण अवघडच होतं, कारण पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी 1974 मध्ये मांडलेली अट त्यातल्या काही सूचना पाळत नव्हत्या. व्हीएमवेअरने 1999 मध्ये त्यावर उपाय काढला. 2003 मध्ये झेन आलं. तेही केंब्रिजचंच, पण हे केंब्रिज इंग्लंडातलं! झेनच्या मुख्य डोमेनमध्ये झेन-डी नावाचा पायथनमध्ये लिहिलेला एक पार्श्वभूमीवरचा कार्यक्रम बसलेला असे. यंत्र सुरू कर, बंद कर, हे सगळं त्याला सांगायचं, एचटीटीपीवरून, कंसांनी भरलेल्या लिस्पछाप भाषेत. हवं तर तो 8000 नंबरच्या पोर्टवर नेटवर्ककडेही कान लावून बसे. तिथे आलेल्याला "तू कोण?" असं विचारायची सोय मात्र नव्हती.

या पार्श्वभूमीवर 2005 च्या शेवटी रेड हॅटमधल्या डॅनियल व्हेय्यार यांनी एक छोटी सी लायब्ररी लिहायला घेतली. आधी तिचं नाव लिबव्हर होतं, 2006 मध्ये शेवटी टी लागून लिबव्हर्ट झालं. उद्देश साधा होता: झेनची बोली बदलली तरी वरच्या प्रोग्रामला कळू नये. तेव्हा तिला स्वतःचा डीमन नव्हता, कारण गरजच नव्हती. कारभार झेन-डी बघत होता.

गरज पडली ती केव्हीएममुळे. एव्ही किविटी आणि क्वुम्रानेट या कंपनीचं हे काम फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 मधून कर्नलमध्ये आलं. केव्हीएमचं यंत्र म्हणजे लिनक्सची एक साधी प्रोसेस, फाब्रिस बेलार यांच्या क्यूईएमयूची. आता ही प्रोसेस सुरू कोण करणार, तिची तार हातात कोण धरणार, मशीन रीबूट झाल्यावर कुठली यंत्रं परत उठवायची हे लक्षात कोण ठेवणार? कारभारी लागणारच. त्याच महिन्यात लिबव्हर्ट 0.2.0 बरोबर क्यूईएमयूसाठी असा एक डीमन आला, आणि जुलै 2007 च्या 0.3.0 मध्ये त्याचा लिबव्हर्ट-डी झाला. त्याच आवृत्तीत रिचर्ड जोन्स यांनी दूरच्या मशीनवरून जोडायची सोय केली. ही सोय आजही मूळच्याच रूपात आहे. एक वाट टीएलएसची, पोर्ट 16514, दोन्ही बाजूंना सर्टिफिकेट. दुसरी एसएसएचची: ती पलीकडे जाऊन नेटकॅट चालवायची आणि डीमनच्या सॉकेट फाइलला तोंड लावायची. नेटकॅटच्या जागी 2020 मध्ये वेगळा मदतनीस आला, एवढाच फरक.

पत्त्याबद्दल थोडं सांगतो, कारण नवखे हमखास इथेच अडकतात. पत्त्यात क्यूईएमयू, मग कोलन, मग तीन तिरक्या रेघा, आणि मग सिस्टिम किंवा सेशन. तीन का? दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मध्ये मशीनचं नाव यायचं असतं, ते रिकामं म्हणजे हेच मशीन. सिस्टिम म्हणजे रूटचा सामायिक कारभारी. सेशन म्हणजे तुमचा खाजगी, तुमच्याच अधिकारात चालणारा. साधा वापरकर्ता व्हर्श चालवतो तेव्हा तो सेशनला जोडला जातो, व्हर्ट-मॅनेजर मात्र सिस्टिम दाखवतो. "माझी यंत्रं गायब झाली" ही ओरड बहुतेक वेळा इथून येते. यंत्रं जागेवरच असतात, आपण दुसऱ्याच वाड्यात शिरलेलो असतो.

आता अधिकारांकडे येऊ. डीमनने दोन दारं ठेवली: एक मोठा दरवाजा, दुसरी फक्त बघण्यापुरती खिडकी. डिसेंबर 2007 च्या 0.4.0 मध्ये दारावर पहारा आला, एसएएसएल आणि पॉलिसीकिट. पण पहारेकरी एकच विचारायचा: आत येऊ की नको? एकदा मोठ्या दरवाजातून आत गेलात की सगळं घर तुमचं. नवं यंत्र बनवून त्याला यजमान मशीनची मूळ डिस्कच जोडा, रूटच्या अधिकारातला डीमन ती मुकाट्याने जोडून देईल. मग आतून हवी ती फाइल बदला. यात कुठलाही बग नाही, रचनाच तशी आहे. व्हीएम/370 चा जी वर्ग इथे नव्हताच. एका जुन्या नोकरीत आमच्या सामायिक सर्व्हरवर एकवीस जण त्या गटात होते. एकाने दुसऱ्याच्या चालू यंत्रावर डिस्ट्रॉय मारला. त्या आज्ञेने यंत्र पुसलं जात नाही, फक्त प्लग ओढल्यासारखं बंद पडतं. पण रात्रभर चाललेलं गणित वाया गेलं ते गेलंच.

प्रत्येक यंत्रागणिक, प्रत्येक क्रियेगणिक परवानगी तपासायची सोय जुलै 2013 च्या 1.1.0 मध्ये आली. म्हणजे व्हीएम/370 नंतर चाळीसेक वर्षांनी! तीही आपणहून चालू करावी लागते, आणि चालू केलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. खिडकीचीही गंमत सांगतो. 2019 मध्ये उघड झालं, की फक्त बघण्याच्या जोडणीतूनही डीमनला कुठल्याही फाइलचा मार्ग देता येतो, आणि त्यातून त्याच्याकरवी भलताच प्रोग्रामही चालवून घेता येऊ शकतो. ती क्रिया मग खिडकीवरून बंद केली गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 5.6.0 आली आणि एकट्या कारभाऱ्याची वाटणी सुरू झाली: क्यूईएमयूचा वेगळा, नेटवर्कचा वेगळा, स्टोरेजचा वेगळा. फेडोरा 35 पासून, म्हणजे 2021 पासून, नव्या इन्स्टॉलेशनवर हेच असतं. जुन्या सॉकेटच्या जागी एक प्रॉक्सी बसवला आहे, त्यामुळे जुने पत्ते चालत राहतात. सॉकेट सिस्टिम-डी सांभाळतो आणि कुणी दार ठोठावलं की कारभाऱ्याला उठवतो. काम नसेल तर 120 सेकंदांनी तो परत झोपतो. तेव्हा डीमन "इनॅक्टिव्ह" दिसला म्हणून लगेच घाबरू नका, आधी सॉकेट बघा.

आणि आपल्या सर्व्हरवर त्या गटात कोण कोण आहे, ते गेटएंट ग्रुप लिबव्हर्ट ही आज्ञा देऊन पाहा. किती नावं निघाली ते इथे जरूर कळवा, नावं मात्र नकोत.