रजेवरचं घड्याळ

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची माणसं दुबईला निघालो. थोरला मुलगा तिथं नोकरीला आहे. बॅगा भरून झाल्या, पासपोर्ट दोनदा तपासून झाले, चकल्या आणि शेंगाचटणीचे डबे कपड्यांत गुंडाळून झाले. आणि निघायच्या आदल्या रात्री एक साधा प्रश्न उभा राहिला : मनगटावर घड्याळ कोणतं बांधायचं?

घरात तीन घड्याळं होती. एक, मुलानंच पाठवलेलं, पावलं आणि हृदयाचे ठोके मोजणारं स्मार्टवॉच. दुसरं, माझं रोजचं सेलवर चालणारं. तिसरं, अब्बांचं एचएमटी 'जनता', रोज सकाळी चावी द्यावी लागणारं. धाकटी म्हणाली, ''बाबा, खिशात मोबाईल असताना हा विचार करायचाच कशाला? विमानातून उतरलं की तो आपोआप तिथली वेळ दाखवतो.'' तिचं खरंच होतं. पण 'तिथली वेळ' हे दोन शब्द माझ्या डोक्यात राहिले. वेळ इथली आणि तिथली वेगळी असते, हे माणसाला कळलं कधी? प्रवासाला निघताना घड्याळ बरोबर घ्यावं, असं वाटू लागलं कधीपासून?

फार जुन्या काळी प्रवाशाला घड्याळ लागतच नव्हतं. आपल्याकडे घटिकापात्र होतं. तळाला बारीक छिद्र असलेलं वाटीसारखं भांडं पाण्यावर तरंगत ठेवायचं. ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. अशा साठ घटकांचा अहोरात्र. आठ प्रहरही त्यातलेच. प्रहर राखणारा तो पहारेकरी, आणि घटका वाजवणारी ती घड्याळ. हे शब्द आपण रोज वापरतो, पण त्यांच्या पोटातलं पाणी विसरलो आहोत. बाबरानं आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या या घटका वाजवणाऱ्यांचं वर्णन केलं आहे. रात्री जाग आलेल्या माणसाला नुसती घटका ऐकून कोणता प्रहर चालू आहे ते कळत नाही, म्हणून घटकेपाठोपाठ प्रहराचीही खूण वाजवावी, अशी सुधारणा त्यानं सुचवली. मुलूख जिंकायला आलेला माणूस रात्री किती वाजले म्हणून अस्वस्थ होतो, हे मला फार माणसासारखं वाटतं.

तेव्हा प्रत्येक गावाची दुपार त्या गावाची असे. सूर्य डोक्यावर आला की बारा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. मुंबई आणि नागपूर यांच्यात सव्वासहा अंशांचं अंतर आहे. म्हणून नागपूरची दुपार मुंबईच्या दुपारीआधी सुमारे २५ मिनिटं होते. बैलगाडीनं जाणाऱ्याला या २५ मिनिटांचं काय? तो पोचेपर्यंत किती दिवस गेले ते मोजायचा.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि मिनिटाला किंमत आली. रेल्वे वाढली तसं लक्षात आलं, की प्रत्येक स्टेशनची वेळ वेगळी ठेवली तर वेळापत्रक छापताच येणार नाही. रेल्वेनं मद्रासची वेळ धरली, कारण मद्रासला वेधशाळा होती आणि ती वेळ मुंबई-कलकत्त्याच्या मधली होती. मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढं. म्हणजे मुंबईकराचं घड्याळ बाराला दहा मिनिटं कमी दाखवत असताना स्टेशनातल्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झालेली. बाराची गाडी तोवर गेलेली असायची.

गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये मुंबई शहराचा सरकारी कारभारच मद्रास वेळेवर आणायचा प्रयत्न केला. शहरानं तो मनावर घेतला नाही. दोन वर्षांत सरकारला हुकूम मागं घ्यावा लागला. पुढं १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची प्रमाणवेळ देशभर लागू झाली. साडेब्याऐंशी गुणिले चार, म्हणजे ३३० मिनिटं. ग्रिनिचच्या पुढं साडेपाच तास. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या पुढं चार तास ५१ मिनिटं. फरक ३९ मिनिटांचा.

या ३९ मिनिटांवरून मुंबईत मोठा गहजब झाला. त्याच जानेवारीत गिरणी कामगार रस्त्यावर आले. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. मालकानं घड्याळ पुढं केलं, म्हणजे आम्ही पहाटेच्या अंधारात ३९ मिनिटं आधी अंथरूण सोडायचं. सभा झाल्या, सह्यांचे अर्ज गेले. बंगालच्या फाळणीनं देश तापलेला तो काळ. सरकार आता आमच्या सूर्यावरही हुकूम चालवणार का, हा प्रश्न लोकांच्या मनात होता. महापालिकेनं आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ ठेवली, आणि रेल्वेत, तारघरात प्रमाणवेळ चालू राहिली. कामासाठी मुंबईत येणाऱ्या पाहुण्याला कितीतरी वर्षं विचारावं लागे, ''बॉम्बे टाइम की स्टँडर्ड टाइम?'' स्वातंत्र्य आल्यानंतर, १९५० च्या सुमारास महापालिकेनं आपली वेळ सोडली. परक्या सरकारनं लादलेली म्हणून जी नाकारली, तीच वेळ स्वतःचं सरकार आल्यावर शहरानं स्वीकारली. या भांडणात सूर्य नुसता निमित्त होता, असं मला वाटतं. आमची वेळ कोण ठरवणार, हे खरं भांडण होतं.

ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगाची फेरी' या कादंबरीतला नोकर पासपार्टू आठवतो का? १८७२ सालची ही कथा. त्याच्याजवळ पणजोबांपासून चालत आलेलं घड्याळ असतं आणि ते लंडनची वेळ दाखवत असतं. वाटेत जागोजाग त्याला सांगितलं जातं, की बाबा रे, पूर्वेकडं निघालास, काटे पुढं कर. तो ऐकत नाही. त्याच्या मते घड्याळ बरोबर असतं, चुकतो तो सूर्य! आपण हसतो. पण हा हट्टी नोकर जे करत होता, तेच समुद्रावरचे खलाशी जाणूनबुजून करत. जॉन हॅरिसन या इंग्रज सुताराच्या मुलानं बनवलेलं घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर गेलं. ८१ दिवसांत ते जेमतेम पाच सेकंद मागं पडलं. घरची वेळ अशी बिनचूक बरोबर असली, की डोक्यावरच्या सूर्याशी ती ताडून आपण घरापासून किती अंश दूर आलो ते काढता येतं. जहाजं त्यावर वाट शोधू लागली. म्हणजे प्रवासातल्या घड्याळाचं पहिलं मोठं काम परगावची वेळ सांगण्याचं नव्हतंच. घरी आत्ता किती वाजले असतील, हे सांगण्याचं होतं.

पण ही घड्याळं पेटीत किंवा खिशात असत. मनगटावर घड्याळ बांधणं ही एकोणिसाव्या शतकात बायकांची हौस समजली जाई. पुरुषाच्या मनगटावर ते आणलं युद्धानं. बोअर युद्धात आणि मग पहिल्या महायुद्धात सैनिकांना एका हातात बंदूक धरून दुसऱ्यानं खिसा चाचपणं परवडेना. तोफा ठरल्या मिनिटाला डागायच्या, खंदकातून ठरल्या मिनिटाला निघायचं; घड्याळ डोळ्यांसमोर हवं. त्याआधी १९०४ मध्ये ब्राझीलचा विमानवीर सांतोस-द्युमाँ याच्यासाठी त्याचा मित्र लुई कार्तिए यानं मनगटी घड्याळ बनवलं, कारण उडताना दोन्ही हात यंत्रात गुंतलेले. १९२७ मध्ये मर्सिडिस ग्लाइट्झ ही टायपिस्ट मुलगी इंग्लिश खाडीच्या थंडगार पाण्यात दहा तास पोहली, तेव्हा तिच्या गळ्यात रोलेक्सचं 'ऑयस्टर' घड्याळ होतं. ते चालू राहिलं, आणि पाण्यात टिकणाऱ्या घड्याळावर लोकांचा विश्वास बसला. १९५० च्या दशकाच्या मध्यावर पॅन अ‍ॅम कंपनीच्या वैमानिकांसाठी त्याच रोलेक्सनं २४ तासांत एक फेरी करणारा जादा काटा बसवला. एका तबकडीवर इथलीही वेळ, तिथलीही. आज सहलीला जाणारा माणूस दुकानात जाऊन 'पाण्यात चालेल ना, पडलं तर फुटणार नाही ना, अंधारात दिसेल ना' असं विचारतो. यातला जवळजवळ प्रत्येक गुण कुणाच्या तरी कामातून, नाहीतर कुणाच्या तरी लढाईतून आलेला आहे.

आमच्या घरात घड्याळ आलं तेही कामापोटीच. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरूला १९६१ मध्ये एचएमटीची मनगटी घड्याळं तयार होऊ लागली. तोवर घड्याळ म्हणजे परदेशी, साहेबाचं किंवा सावकाराचं. एचएमटीनं ते शिक्षकाच्या, तलाठ्याच्या, कंडक्टरच्या हातावर आणलं. अब्बा एस.टी.त कंडक्टर होते. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे, आणि डाव्या मनगटावर 'जनता'. सकाळी चहाआधी चावी द्यायची. मुक्कामाची गाडी असली की उशाशी घड्याळ. गावातले लोक आपली घड्याळं अब्बांच्या गाडीवर लावत.

रमजानात मात्र एक गंमत होई. सोलापूरच्या मशिदीत मिळालेला रोजा सोडण्याच्या वेळांचा छापील तक्ता त्यांच्या खिशात असे. पण गाडी नागपूरकडे निघालेली. जसजसं पूर्वेला जावं तसतसा सूर्य तक्त्याच्या आधी मावळे. मग ते घड्याळाकडे न बघता खिडकीतून आभाळाकडे बघत. शेजारचा कुणी प्रवासी खजुराबरोबर आपल्या डब्यातली भाकरीही पुढं करी. वेळेवर इतका जीव असलेला माणूस, पण वेळ आणि घड्याळ यांतला फरक त्यांना पक्का ठाऊक होता.

मी हिशेब केला. अब्बांचं ते घड्याळ लाखो किलोमीटर फिरलं असेल. पंढरपूर, शेगाव, महाबळेश्वर, गणपतीपुळे. दुसऱ्यांच्या सगळ्या सहली त्यानं वेळेवर पोचवल्या. स्वतः अब्बा मात्र एकदाही सहलीला गेले नाहीत. रजा मिळाली की शेतातली विहीर, बहिणींची लग्नं, कुणाचं आजारपण. रजेच्या दिवशी घड्याळ ते काढून कोनाड्यात ठेवत. ''त्यालाही सुट्टी पाहिजे,'' म्हणत. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा ते हयात नव्हते. बातमी मी अम्मीला वाचून दाखवली. ती म्हणाली, ''आपलं तर चालू आहे ना?''

तर, त्या रात्री मी माझ्यापुरता व्यवहारी निर्णय घेतला. सहलीला हलकं, फार महाग नसलेलं, सेल नुकताच बदललेलं घड्याळ बरं. हरवलं तर सहल हरवत नाही. समुद्रात उतरायचं असेल तर तबकडीवरच्या '३० मीटर' या आकड्याला भुलू नये. ते हात धुण्यापुरतं आणि पावसाच्या सरीपुरतं असतं. पोहायला निदान शंभर मीटरवालं हवं. स्मार्टवॉच घेतलं तर त्याचा चार्जर आधी बॅगेत टाकावा. मी माझं रोजचंच बांधलं.

'जनता' मात्र अम्मीनं उचललं. पट्ट्याला एक जादा भोक पाडून तिनं ते आपल्या बारीक मनगटावर बांधलं. दुबईच्या विमानतळावर रांगेत उभे असताना मी माझे काटे दीड तास मागं केले आणि तिचेही करायला हात पुढं केला. तिनं हात मागं ओढला. आमच्या घरच्या दखनी बोलीत म्हणाली, ''पीछे नको कर रे. गाडी चुकेगी.''

पुढचे दहा दिवस ती सोलापूरच्या वेळेतच राहिली. रोज सकाळी चहाआधी चावी द्यायची. नमाज मात्र तिथल्या अजानीवर पढायची. दुपारी समुद्रकाठी बसून घड्याळाकडे बघायची आणि सांगायची, ''आता आपल्याकडे पाचची गाडी सुटली असेल.'' नातू हसायचा. मी एकदा त्याला म्हटलं, हसू नकोस. हे घड्याळ पहिल्यांदाच सहलीला आलंय.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)