ओढत नेलेल्या गाडीचे वय

अमेरिकेतील महामार्गांवर एक दृश्य नेहमी दिसते. पुढे बसएवढे मोठे 'मोटरहोम', म्हणजे इंजिनावर चालणारे फिरते घर, आणि त्याच्या मागे लोखंडी दांड्याने जोडलेली छोटी मोटार. मुक्कामाला पोचले की घर तळावर उभे करायचे आणि बाजारहाटाला, गाव पाहायला ही छोटी मोटार सोडायची. १९६६ मध्ये आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथे विनेबागो कंपनीने अशी घरे कारखान्यात बनवायला सुरुवात केली आणि पुढे त्यांचा प्रसार वाढला.

आता एक प्रश्न. समजा, ही छोटी मोटार चारही चाके रस्त्यावर टेकवून ३,००० किलोमीटर ओढत नेली. इंजिन एकदाही सुरू झाले नाही. मग ती मोटार ३,००० किलोमीटर 'चालली' असे म्हणायचे का? प्रश्न गमतीचा वाटेल. पण मोटार विकायला काढली की तो पैशांचा प्रश्न होतो. उत्तरासाठी आपल्याला अंतर मोजण्याच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन स्थपती व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात अंतर मोजणाऱ्या गाडीचे वर्णन केले आहे. तिच्या चाकाचा परीघ साडेबारा रोमन फूट. चाकाचा एक फेरा झाला की ४०० दात्यांचे दुसरे चाक एका दात्याने सरके. म्हणजे ४०० फेऱ्यांत ५,००० फूट, बरोबर एक रोमन मैल. तो पूर्ण झाला की एक खडा भांड्यात टणकन पडे. प्रवासाच्या शेवटी खडे मोजले की झाले. चीनमध्येही सुंग राजवटीत, १०२७ साली, लू दाओलुंग याने अशाच गाडीचा तपशील सादर केला होता. तिच्यात एक 'ली' अंतर झाले की लाकडी बाहुला ढोल वाजवी.

१८४७ मध्ये अमेरिकेत मॉर्मन पंथाचे लोक बैलगाड्या आणि घोडागाड्या घेऊन पश्चिमेकडे निघाले होते. आज किती मैल झाले, यावर रोज वाद होत. विल्यम क्लेटन याने एका चाकाला लाल चिंधी बांधली आणि दिवसभर शेजारून चालत फेरे मोजले. चाकाचा परीघ १४ फूट ८ इंच होता, म्हणजे ३६० फेऱ्यांचा एक मैल. पहिल्या दिवशी ४,०७० फेरे भरले: सव्वाअकरा मैल आणि वर २० फेरे. या कंटाळवाण्या कामातून सुटका व्हावी म्हणून ऑर्सन प्रॅट याने दातेरी चाकांची रचना सुचवली आणि अ‍ॅपल्टन हार्मन या सुताराने ती लाकडात घडवली.

या सर्व गाड्या ओढल्याच जात होत्या, हे आपल्या लक्षात आले असेल. त्यामुळे चाकाचे फेरे म्हणजे अंतर, एवढाच अर्थ होता. मोजलेल्या मैलांवरून गाडी किती झिजली हे कोणी ठरवत नव्हते.

विसाव्या शतकात मोटार रुळली आणि अंतरमापक तिच्या दर्शनी फळीवर जाऊन बसला. पुढे त्याची केबल बहुधा गिअरपेटीच्या चाकांकडील टोकाला जोडली जाऊ लागली. आता त्या आकड्याला दुसरा अर्थ चिकटला: मोटारीचे वय. जुनी मोटार घेणारा आधी तो आकडा पाहू लागला आणि म्हणूनच तो मागे फिरवण्याची लबाडीही सुरू झाली. ती रोखण्यासाठी अमेरिकेने १९७२ मध्ये कायदा केला. गंमत अशी की, त्या कायद्याने अंतरमापकाची व्याख्या करताना वाहन 'कार्यरत असताना' कापलेले अंतर, असा शब्दप्रयोग केला. ओढली जाणारी मोटार कार्यरत आहे की नाही?

यंत्राला हा प्रश्न पडत नाही. केबलवर चालणाऱ्या अंतरमापकाला इंजिन दिसतच नाही. ओढताना चाके फिरतात, त्यांच्याबरोबर गिअरपेटीचे टोक फिरते आणि आकडा पुढे सरकतो. येथे मापक इंजिनाचे वय फुकट वाढवतो. याउलट अनेक इलेक्ट्रॉनिक मापक किल्ली बंद असताना काहीच नोंदवत नाहीत. तेव्हा टायर, चाकांची बेअरिंगे झिजत असतात, पण आकडा मात्र स्वस्थ असतो. एक मापक झीज वाढवून सांगतो, दुसरा लपवतो. खोटे कोणीच बोलत नाही.

खरे नुकसान तर तिसऱ्याच ठिकाणी होऊ शकते. स्वयंचलित गिअरपेटीत तेल फिरवणारा पंप सहसा इंजिनावर चालतो. इंजिन बंद, पण चाकांमुळे आतले भाग फिरताहेत, अशा स्थितीत त्यांना तेल मिळत नाही आणि ते तापून खराब होतात. म्हणून अनेक मोटारी चारही चाकांवर ओढू नयेत, अशी सूचना उत्पादक पुस्तिकेत देतात. ही इजा कोणत्याच आकड्यात उमटत नाही.

आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. त्याच्या ट्रॅक्टरवर तास मोजणारे मीटर असते. जुना ट्रॅक्टर घेताना तो 'किती तास चालला?' असे विचारतो. कारण शेतात अंतर थोडे आणि इंजिनाचे काम फार. काय मोजायचे हे काय झिजते त्यावर ठरते.

वर्गात हा धडा एका सायकलीवर घेता येईल. चाकाला चिंधी बांधा, परीघ मोजा आणि शाळेपासून एसटी थांब्यापर्यंतचे फेरे विद्यार्थ्यांना मोजू द्या. एकदा सायकल चालवत न्या, एकदा हाताने ढकलत. अंतर जवळपास तेच येईल. मग विचारा: दोन्ही वेळा साखळी सारखीच झिजली का? टायर? आणि चालवणारा? मापकाचा आकडा वाचण्याआधी तो नेमके काय मोजतो हे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर या ओढत नेलेल्या मोटारीचे आपण आभारच मानू.