नऊ राज्यांची वाट पाहणारा तह

१/
जानेवारी १७८४. अ‍ॅनापोलिस येथे अमेरिकेची काँग्रेस हतबल होऊन बसली होती. ब्रिटनने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले, तो पॅरिसचा तह ३ सप्टेंबर १७८३ रोजी झाला होता. सहा महिन्यांच्या आत मान्यतापत्रांची देवाणघेवाण व्हावयाची होती आणि मध्ये ऐन हिवाळ्यातला अटलांटिक होता. सभागृहात तहाला विरोध असा नव्हताच. अडले होते ते केवळ संख्येपाशी.

२/
१७८१ पासून अमलात असलेल्या ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’नुसार प्रत्येक राज्याला एक मत होते. युद्ध, तह, कर्ज, खर्चाची मंजुरी, सैन्याची संख्या, यांपैकी कशालाही तेरांपैकी नऊ राज्यांची संमती लागे. शिवाय किमान दोन प्रतिनिधी हजर नसतील, तर त्या राज्याचे मतच धरले जात नसे. त्या जानेवारीत पुरेसे प्रतिनिधी होते सात राज्यांचे. गैरहजर राहणे आणि विरोध करणे यांत या नियमाने काही फरकच ठेवला नव्हता.

३/
सात राज्यांवरच भागवावे, असे काहींनी सुचवले. थॉमस जेफर्सन यांनी त्यास विरोध केला. दक्षिण कॅरोलायनाचे रिचर्ड बेरेसफर्ड फिलाडेल्फियात आजारी होते. काँग्रेसच त्यांच्या उशाशी न्यावी, असाही विचार निघाला! अखेर कनेक्टिकटचे प्रतिनिधी आले, पाठोपाठ बेरेसफर्ड आले आणि १४ जानेवारीस तह संमत झाला. मान्यतापत्रांची देवाणघेवाण व्हायला मे उजाडला. मुदत टळून गेली होती. ब्रिटनने हरकत घेतली नाही, हे नशीब.

४/
हा नियम करणारे अविचारी नव्हते. लंडनच्या पार्लमेंटची मनमानी त्यांनी सोसली होती. व्हर्जिनियासारखी मोठी राज्ये आपल्याला गिळतील, हे लहान राज्यांचे भयही खरे होते. चुकला तो उपाय.

५/
ही चूक अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी डिसेंबर १७८७ मध्ये ‘फेडरलिस्ट’च्या बाविसाव्या लेखात उघड केली. विशेष बहुमताची अट सावधगिरीसाठी घातली जाते. प्रत्यक्षात मात्र ती थोड्यांच्या हाती बहुसंख्यांना वेठीस धरण्याचे साधन देते, असा त्यांचा युक्तिवाद. काही राज्यांच्या गैरहजेरीमुळे काँग्रेसची अवस्था पोलंडच्या संसदेसारखी होते, असेही त्यांनी बजावले. ही तुलना झोंबणारी होती. पोलंडमध्ये एकाच सदस्याच्या नकाराने अख्खे अधिवेशन निष्फळ ठरे, आणि १७७२ च्या पहिल्या फाळणीत शेजाऱ्यांनी त्या देशाचे लचके तोडले होते.

६/
नव्या राज्यघटनेत सामान्य कायद्यांसाठी साधे बहुमत पुरेसे ठरले. दोन तृतीयांशांची अट तह, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडणे, घटनादुरुस्तीचा प्रस्ताव अशा मोजक्या बाबींपुरती उरली. पण घटनेने समोरून घालवलेली अट सिनेटच्या नियमावलीतून मागच्या दाराने परतली. चर्चा थांबवून मतदान घेण्याची तरतूद १८०६ मध्ये नियमांतून गळाली. तेव्हा त्याचे कोणाला फारसे काही वाटले नाही. पुढे भाषणे लांबवून विधेयक मारण्याची युक्ती, ‘फिलिबस्टर’, रुळली. १९१७ मध्ये चर्चाबंदीचा नियम आला, तोही दोन तृतीयांशांचा. १९७५ मध्ये तो शंभरांपैकी साठ मतांवर आला.

७/
या आकड्यांची किंमत कोणी मोजली? झुंडीने कृष्णवर्णीयांना फासावर लटकवण्याच्या प्रकारांविरुद्ध लिओनिडास डायर यांनी आणलेले विधेयक प्रतिनिधिगृहाने २६ जानेवारी १९२२ रोजी २३१ विरुद्ध ११९ मतांनी संमत केले. त्याच वर्षअखेरीस सिनेटमध्ये दक्षिणेकडील डेमोक्रॅट सदस्यांनी कामकाज रोखून धरले आणि विधेयक सोडून देण्यात आले. १९३० च्या दशकातील अशा विधेयकांचीही सिनेटमध्ये हीच गत झाली.

८/
२००५ मध्ये सिनेटने या अपयशाबद्दल ठराव करून माफी मागितली. झुंडबळीविरोधी संघीय कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली २९ मार्च २०२२ रोजी. डायर यांचे विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाल्याला तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती.