गाडीतून आलेली मुलं

अनाथ मुलाला घर मिळालं की गोष्ट संपली, असं आपल्याला वाटतं. सिनेमातही तिथेच पडदा पडतो. पण अमेरिकेतल्या 'ऑर्फन ट्रेन'चा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं, की खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते, आणि बरेचदा पुढेच फिसकटते.

1853 साली चार्ल्स लोरिंग ब्रेस या पाद्र्याने न्यूयॉर्कमध्ये 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' काढली. रस्त्यावर झोपणाऱ्या मुलांना कोंडून ठेवण्यापेक्षा शेतकऱ्यांच्या घरात पाठवावं, ही त्याची कल्पना. 1854 मध्ये पहिली तुकडी मिशिगनमधल्या डोवॅजिआक गावी उतरली. 1929 पर्यंत अनेक संस्थांनी मिळून सुमारे दोन लाख मुलं अशी पाठवली. आधी गावात जाहिरात लागायची. मग चर्चमध्ये नाहीतर नाटकगृहात मुलं ओळीने उभी करायची आणि लोक निवडून न्यायचे. कुणी कुणी तर दंडही चाचपून बघायचे!

यातली कित्येक घरं टिकली नाहीत. का बरं?

पहिलं कारण वय. तान्ह्या मुलाला लोक मूल म्हणून न्यायचे, बारा-तेरा वर्षांच्या पोराला मात्र शेतावरचा गडी म्हणून. मिनेसोटाच्या हेस्टिंग्ज हार्ट यांनी 1884 साली पाहणी केली. मुलं वाईट आहेत, हा आरोप त्यांना टिकणारा वाटला नाही. पण घरं घाईघाईने दिली होती आणि नंतरची देखरेख अपुरी होती. लहान मुलं बहुतेक रुळली. मोठी मुलं घर सोडून गेली.

दुसरं कारण म्हणजे मागचं सगळं पुसून टाकण्याचा अट्टाहास. कितीतरी मुलांची आई किंवा वडील जिवंत होते. तरी 'ते विसर' म्हणून सांगितलं जाई, नाव बदललं जाई. भावंडं एकाच स्टेजवरून वेगवेगळ्या घरी जात. ज्याच्या मनात धाकटी बहीण कुठे असेल हाच घोर, तो नव्या आईला आई कसा म्हणणार?

तिसरं, नातं कच्च्या धाग्याचं होतं. बहुतेकदा कायदेशीर दत्तक नसे. पटलं नाही तर कुटुंबाने मूल परत करायचं, नाहीतर मुलाने निघून जायचं. अडचण आली तर सल्ला द्यायला जवळ कुणी नसे.

कधी घर मोडायला शेजारी पुरत. 1904 साली न्यूयॉर्कच्या फाउंडलिंग हॉस्पिटलने 40 मुलं ॲरिझोनातल्या क्लिफ्टन-मोरेन्सीला पाठवली. मुलं आयरिश, घरं मेक्सिकन कॅथलिकांची. गोऱ्या लोकांनी बंदुका घेऊन रात्रीच मुलं काढून नेली. 1906 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेचं अपील फेटाळलं.

सगळीच मुलं उन्मळली असं मात्र नाही. 1859 साली एकाच गाडीने इंडियानाला गेलेली दोन मुलं, ॲन्ड्र्यू बर्क आणि जॉन ब्रेडी, पुढे नॉर्थ डाकोटा आणि अलास्काचे गव्हर्नर झाले.

माझ्या कन्सल्टिंगच्या धंद्यात म्हणतात, सिस्टिम चालू केली म्हणजे काम संपत नाही, खरं काम त्यानंतरच्या सपोर्टचं. इथे तर प्रश्न जिवंत मुलाचा! विशेष गरजा असलेल्या मुलांच्या दत्तक पालकांना मदत देणारा केंद्रीय कायदा 1980 मध्ये आला. आणि भावंडांना शक्यतो एकत्र ठेवा, एवढी साधी गोष्ट केंद्रीय कायद्यात यायला 2008 साल उजाडावं लागलं. आपल्यातल्या कुणाच्या घरी दत्तक मूल येईल तेव्हा पेढे जरूर वाटू या. पण पाच वर्षांनी, ते मूल बारा-तेराचं होऊन दार आपटायला लागेल तेव्हाही, त्या घरी चक्कर मारू या.