मूर्च्छा : शुद्ध परतली तरी तपासणी आवश्यक

चेन्नई : मरिना किनाऱ्यावर ६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारतीय हवाई दलाच्या हवाई कसरती पाहण्यासाठी लाखोंचा जनसमुदाय लोटला होता. भर उन्हात अनेक जण भोवळ येऊन कोसळले. पाच जणांचा मृत्यू झाला. अशा रुग्णांपैकी कोणाला घरी पाठवावे आणि कोणाला दाखल करून घ्यावे, हा निर्णय आपत्कालीन विभागाला अल्पावधीत घ्यावा लागतो. त्यासाठी तपासणीची ठरावीक, सर्वांना समान लागू होणारी पद्धत महत्त्वाची ठरते.

मूर्च्छा म्हणजे काय?

मेंदूचा रक्तपुरवठा क्षणकाळ घटल्याने शुद्ध हरपते आणि थोड्याच वेळात आपोआप परत येते. हा स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे. दीर्घकाळ उभे राहणे, भीती, वेदना किंवा शरीरातील पाणी कमी होणे, ही त्याची सर्वसाधारण कारणे होत. मात्र हृदयाच्या ठोक्यांतील गंभीर बिघाड किंवा अंतर्गत रक्तस्रावही त्यामागे असू शकतो. रुग्णालयात पोहोचेपर्यंत रुग्ण सावरलेला असल्याने हा धोका नजरेआड होण्याची भीती असते. उष्माघाताचे चित्र वेगळे असते : शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते व भान लवकर परतत नाही.

तपासणीचा क्रम

तामिळनाडूत अपघात व आपत्कालीन उपचार उपक्रमाअंतर्गत (टीएईआय) सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांची लाल, पिवळा व हिरवा अशी तातडीनुसार वर्गवारी केली जाते. मूर्च्छेच्या रुग्णाबाबत त्यापुढील दिशा ‘युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजी’च्या २०१८ मधील मार्गदर्शक तत्त्वांत आढळते. गंभीर कारण सापडते का, कारण अनिश्चित असल्यास धोका किती आणि रुग्णाला दाखल करावे का, हे तीन प्रश्न त्यात मांडले आहेत.

उत्तरासाठी सविस्तर विचारपूस, शारीरिक तपासणी, ईसीजी आणि झोपलेल्या व उभ्या स्थितीतील रक्तदाब, एवढी प्राथमिक साधने लागतात. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा अधिक अंकांनी उतरल्यास मूर्च्छेचे कारण तेथे असू शकते. श्रम करताना किंवा पडून असताना शुद्ध हरपणे, त्याआधी छातीत धडधडणे वा दुखणे, हृदयविकाराचा पूर्वेतिहास आणि कुटुंबात तरुण वयात झालेला आकस्मिक मृत्यू, ही धोक्याची चिन्हे मानली जातात.

गुणांकनाचा आधार

कॅनडातील संशोधकांनी २०१६ मध्ये नऊ निकषांवर आधारित धोका-गुणांकन प्रसिद्ध केले. उणे ३ ते ११ गुणांच्या या पद्धतीसाठी ४,०३० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांपैकी १४७ जणांना, म्हणजे ३.६ टक्के रुग्णांना, ३० दिवसांत गंभीर त्रास उद्भवला. बहुसंख्य रुग्ण सुरक्षित असतात, पण उरलेले थोडे वेळीच ओळखावे लागतात, हेच या आकड्यांतून दिसते. गुणांकन मात्र डॉक्टरांच्या निर्णयाला पूरक असते, पर्याय नव्हे.

प्रत्यक्षदर्शीची साक्ष मोलाची

कोसळण्यापूर्वी रुग्ण काय करत होता, चेहरा पांढराफटक पडला का, झटके आले का, शुद्ध किती वेळाने परतली, ही माहिती कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. त्यामुळे घटना पाहिलेल्या व्यक्तीने रुग्णासोबत रुग्णालयात जाणे उपयुक्त ठरते.